जुनागढच्या नरसीची पत

बँकेच्या परीक्षेला बसलो तेव्हा हुंडी या विषयावर हमखास एक प्रश्न येई. दर्शनी हुंडी म्हणजे काय, मुदती हुंडी म्हणजे काय, शहाजोग हुंडी कोणाला म्हणावं, असा. वर्ष १९८४. दिवसभर काउंटरवर नोटा मोजून आलेला मी रात्री चाळीच्या गॅलरीत बसून ही उत्तरं पाठ करत असे. गंमत म्हणजे या एकाच धड्याला मला पुस्तकाची गरज पडली नाही. हुंडी मला लहानपणापासून ठाऊक होती. ती मला आजीनं शिकवली होती.

चातुर्मासात आमच्या घरी दुपारची जेवणं आटोपली की आजी महिपतीबुवांचा 'भक्तविजय' लावायची. ताहराबादच्या महिपतींनी १७६२ साली हा ग्रंथ पुरा केला आणि त्यात आपल्या ज्ञानोबा-नामदेवांच्या पंगतीला परमुलखातले संतही बसवले. त्यात जुनागढचा नरसी मेहता होता. आजीला गुजराथ कुठे आहे हे सांगता आलं नसतं. पण नरसीनं द्वारकेच्या सावळाशेटवर हुंडी कशी लिहिली आणि ती कशी पटली, हे ती शेजारच्या वाड्यातली गोष्ट सांगावी तसं सांगे. पुढे गुजराथीत हाच शेठ शामळशा या नावानं मला भेटला. नाव बदललं, पेढी तीच.

आज लिहायला बसलो आहे ते या नरसीवर. 'वैष्णव जन तो' हे भजन कानांवरून गेलं नाही असा माणूस आपल्याकडे विरळा. पण ते रचणारा माणूस कोण, कुठला, त्यानं काय भोगलं, हे विचारलं तर बहुतेकांचं उत्तर गांधीजींपाशी येऊन थांबतं. गांधीजींचं आवडतं भजन, एवढीच त्याची ओळख. नरसी त्यांच्या आधी चारशे वर्षं होऊन गेला.

पंधराव्या शतकातला हा माणूस. परंपरा त्याचा जन्म १४१४ सालचा मानते. कन्हैयालाल मुन्शींसारख्यांनी त्याला पुष्कळ अलीकडे ओढलं. त्या वादात मी शिरत नाही. त्याच्या हस्ताक्षरातला एक कागद उरलेला नाही. त्याची पदं पिढ्यान् पिढ्या लोकांच्या गळ्यात राहिली आणि पुष्कळ नंतर वहीत उतरली. त्यामुळे त्याचं चरित्र म्हणजे काही त्याच्या पदांतून डोकावणारं, काही आख्यानांतून वाढलेलं आणि काही गावांनी आपापल्या कुंडाला नि ओट्याला बांधून ठेवलेलं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर मूळ व्हाउचर गहाळ, पण खतावणी जुळते.

भावनगरजवळचं तळाजा हे त्याचं जन्मगाव. जात वडनगरा नागर ब्राह्मण. नागर म्हणजे सौराष्ट्रातली दरबारी मंडळी. दिवाणगिरी, कारभार, लेखणी, शिवाची उपासना आणि आपल्या कुळाचा करकरीत अभिमान. या घरात हा मुलगा लहानपणीच पोरका झाला. आठव्या वर्षापर्यंत त्याला वाचा नव्हती असं सांगतात. आजीनं वाढवलं, मग वडील भावाच्या घरी आश्रित म्हणून राहिला. कामाधामात लक्ष नाही, साधूंच्या मागे हिंडायचं आणि जेवायच्या वेळी घरी यायचं. भावजयीनं एक दिवस तोडून बोलली. आख्यानकारांनी या भावजयीला फार काळी रंगवली आहे. मला मात्र तिच्याविषयी थोडी सहानुभूती वाटत आली. एकट्याच्या मिळकतीवर चाललेल्या घरात न कमावता खाणारा दीर तिनं किती दिवस पोसावा? पुढे नरसीनंही तिला दोष दिला नाही, उलट तिच्या त्या बोलण्याचे उपकारच मानले, अशी आठवण लोकांनी जपली आहे.

तो घरातून निघाला आणि समुद्राकाठच्या गोपनाथाच्या देवळात जाऊन पडला. सात दिवस अन्नपाणी नाही. शिव प्रसन्न झाले आणि त्यांनी याला थेट कृष्णाच्या रासात नेऊन उभं केलं. तिथे याच्या हाती दिवटी दिली. रास पाहण्यात हा इतका हरवला की दिवटी संपून हात जळू लागला तरी याला कळलं नाही. शैव कुळातला मुलगा, शिवाच्याच हाताला धरून वैष्णव झाला. आमच्या पंढरपुरी विठ्ठलाच्या माथ्यावर शिवलिंग पाहणाऱ्या मंडळींना यात नवल वाटायचं कारण नाही.

पुढचं सारं आयुष्य जुनागढला, गिरनारच्या पायथ्याशी. बायको माणेकबाई, मुलगी कुंवरबाई, मुलगा शामळदास. मिळकत म्हणाल तर शून्य. पहाटे दामोदर कुंडावर स्नान, मग भजन, दारी येईल त्या साधूला जेवण. आजही गुजराथेत पहाटेच्या वेळी म्हणायच्या पदांना प्रभातियां म्हणतात आणि प्रभातियां म्हटलं की नरसीचंच नाव आधी येतं. गुजराथी भाषेचा आदिकवी म्हणून त्याला मान आहे. पण जुनागढच्या नागरांना त्या वेळी दिसत होता तो घर चालवता न येणारा, बायकापुरुषांना एकत्र बसवून टाळ कुटणारा आणि जातीची अब्रू घालवणारा माणूस.

या माणसाच्या गोष्टी वाचताना मला एका गोष्टीचं फार आश्चर्य वाटतं. त्या साऱ्या पैशाच्या व्यवहाराच्या आहेत. मुलाचं लग्न करायचं, पैसा नाही. बापाचं श्राद्ध घालायचं, तूप उधार मिळत नाही. मुलीचं डोहाळजेवण, आहेर कुठून आणायचा? आणि एकदा तर तारण ठेवायला घरात काहीच उरलं नाही तेव्हा त्यानं चक्क राग गहाण टाकला. केदार राग. तो त्याचा लाडका. कर्ज फिटेपर्यंत केदार गाणार नाही, असं त्यानं सावकाराला लिहून दिलं. सोनं-नाणं, जमीन, पीक, गुरं, सगळ्यावर कर्ज दिलेलं मी पाहिलं आहे. रागावर कर्ज देणारा तो सावकार मला नरसीइतकाच थोर वाटतो. या माणसाला केदार गाता न येणं म्हणजे काय, हे त्यानं बरोबर ओळखलं होतं. तारण कसं निवडावं ते त्याच्याकडून शिकावं.

आता हुंडीची गोष्ट. द्वारकेला निघालेले यात्रेकरू जुनागढला उतरले. जवळ सातशे रुपये, पुढची वाट चोरांची. त्या काळी रोकड बरोबर नेण्याऐवजी एखाद्या भरवशाच्या पेढीवर ती भरून दुसऱ्या गावच्या पेढीवर हुंडी लिहून घेत. चिठ्ठी नेऊन दाखवली की पैसे हातात. त्यांनी चौकात विचारलं, इथे द्वारकेवर हुंडी लिहून देणारा शेठ कोण? तिथे टवाळ मंडळी बसली होती. त्यांनी नरसीच्या घराकडे बोट दाखवलं. यात्रेकरू आले, पायांवर डोकं ठेवून गयावया करू लागले. नरसीला वाटलं, देवानंच धाडले. त्यानं रक्कम घेतली, द्वारकेच्या शामळशा शेठच्या नावे हुंडी लिहून दिली आणि सातशे रुपये साधूंच्या जेवणावळीत खर्चून टाकले.

बँकेतल्या माणसाचा इथे घास अडकतो. खात्यात शिल्लक नाही, ज्याच्यावर हुंडी लिहिली तो शेठ गावात कोणाला ठाऊक नाही, आणि लिहिणाऱ्यानं रक्कम उडवून टाकली आहे. याला आमच्याकडे साधा शब्द आहे आणि त्याचं कलमही आहे. द्वारकेत यात्रेकरू पेढी पेढी हिंडले. शामळशा नावाचा शेठच नाही म्हणून सगळ्यांनी हात वर केले. ते रडत परत फिरणार तोच एक शेठ, डोक्याला पागोटं, कानावर लेखणी, असा समोर आला. त्यानं हुंडी हातात घेतली, अक्षर ओळखलं आणि ती सकारली. वर व्याजही दिलं. नरसीला निरोप धाडला, की असंच काम सांगत जा.

हुंडीच्या कागदात एक जुनी खुबी असे. रक्कम फक्त आकड्यात लिहून भागत नसे. सातशेची हुंडी असेल तर निम्मे साडेतीनशे, त्याची दुप्पट सातशे, अशी ती फोडून लिहीत, म्हणजे वाटेत कोणी एक शून्य वाढवू नये. हरवली तर तिची दुसरी प्रत मिळे, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ. १८८१ साली इंग्रजांनी पराक्राम्य दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हासुद्धा देशी भाषांतल्या हुंड्यांच्या रीतिरिवाजांना त्यांनी पहिल्याच कलमात हात न लावता सोडून दिलं. इतकी ती पद्धत पक्की होती. आणि तिचा सारा डोलारा एका शब्दावर उभा होता, पत. लिहिणाऱ्याची पत.

एक शंका मलाही आली होती, ती सांगून टाकतो. आपण ज्याला रुपया म्हणतो ते चांदीचं नाणं शेरशहा सूरीनं सोळाव्या शतकात पाडलं. मग पंधराव्या शतकातल्या नरसीच्या हाती सातशे रुपये कुठून आले? उत्तर सोपं आहे. ही गोष्ट ज्यांनी आज दिसते तशी घडवली, ते नंतरचे. सतराव्या शतकात बडोद्याच्या प्रेमानंद या आख्यानकवीनं हुंडीवर आणि कुंवरबाईच्या आहेरावर अशी आख्यानं रचली की गुजराथच्या घराघरांत ती पाठ झाली. आपल्या कीर्तनकारांचा हा गुजराथी भाऊ. तांब्याच्या मोठ्या घागरीवर बोटांतल्या अंगठ्यांनी ताल धरून हे लोक कथा सांगत, म्हणून त्यांना माणभट्ट म्हणतात. ऐकणारे कोण, तर व्यापारी पेठेतले लोक. त्यांना समजेल त्या नाण्यात त्यांनी देव मांडला.

कुंवरबाईची गोष्ट मात्र माझ्या आजीला सांगता येत नसे. मध्येच तिचा आवाज जाई. मुलीला सातवा महिना, बापानं आहेर घेऊन यायचं. तिकडे त्याला मामेरुं म्हणतात. नरसी आला तो मोडक्या बैलगाडीतून, बरोबर टाळ-मृदंगवाले साधू. सासरची माणसं हसली. आंघोळीला कढत पाणी काढून ठेवलं आणि विसणाला पाणी मागितलं तर म्हणाले, तुझ्या देवाला पाऊस पाडायला सांग. आजेसासूनं कागद-लेखणी मागवून आहेराची यादी सांगितली. साड्या, शेले, सोनं, नाणी, आणि एवढं जमत नसेल तर दोन धोंडे आण, अशी शेवटची ओळ. देव कापडाचा व्यापारी होऊन आला, यादीतली वस्तू न् वस्तू मांडली आणि शेवटी दोन धोंडे ठेवले, सोन्याचे.

सोन्याचे धोंडे ऐकताना लहानपणी मी टाळ्या वाजवत असे. आजीच्या डोळ्यांत पाणी कशानं येई, ते माझ्या बहिणीच्या लग्नात मला कळलं. यादी आमच्याही घरी आली होती. राजस्थानात हीच कथा नानीबाईचा मायरा म्हणून आजही दिवसचे दिवस चालते आणि बायका पदर डोळ्यांना लावून ऐकतात. गुजराथ सरकारची तर मुलीच्या लग्नासाठी मदत देणारी योजनाच कुंवरबाईच्या मामेऱ्याच्या नावानं आहे. पाचशे वर्षांपूर्वीची ती अपमान गिळणारी मुलगी आता सरकारी अर्जावर आहे, आणि मदत वधूच्या बँक खात्यात जमा होते.

१९८६ साली माझी बदली सौराष्ट्रात, जुनागढ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी झाली. दुष्काळाची वर्षं होती ती. गावात पाण्याचे टँकर येत. रविवारी एस.टी. पकडून मी जुनागढला जाई. गिरनारच्या वाटेवर अशोकाचा शिलालेख कोरलेली ती प्रचंड शिळा, पुढे दामोदर कुंड. कुंडाच्या पायऱ्यांवर बसलं की नरसीच्या आयुष्यातली ती एक गोष्ट आठवे, जिच्यात चमत्कार नाही, पैसा नाही आणि म्हणून जी मला सगळ्यांत खरी वाटते. ती त्याच्या स्वतःच्याच पदात आली आहे.

पहाटे या कुंडावर तो स्नानाला येई. एके दिवशी गावाबाहेरच्या वस्तीतले लोक, ज्यांची सावलीही तेव्हा नागरांना चालत नसे, हात जोडून उभे राहिले. आमच्याकडे भजनाला या, म्हणाले. त्यानं एवढंच सांगितलं, की अंगण सारवा, तुळस लावा, मी येतो. आणि गेला. सबंध रात्र त्यांच्यात बसून गायला, त्यांचा प्रसाद खाल्ला. उजाडता उजाडता टाळ वाजवत तो गावात परतला, तर नागर मंडळी दारादारांत उभी. काय मेहताजी, ब्राह्मणाचा आचार असा? ना जात, ना रीत? टाळ्या देऊन हसले. त्यानं उत्तर दिलं ते वाकून, पण मागे न घेता. त्याला जातीबाहेर टाकलं. गोष्ट पुढे सांगते, की जातीची पंगत बसली तेव्हा प्रत्येक नागराला आपल्या शेजारी त्या वस्तीतला माणूस जेवायला बसलेला दिसू लागला आणि पंगत उठली. हा पुढचा भाग कोणीतरी रागानं जोडला असावा. जोडणारा नक्कीच त्या वस्तीतला असेल.

आमच्या शाखेत त्याच वर्षी एक अर्ज आला होता. गावाच्या टोकाच्या वस्तीतला चर्मकाम करणारा माणूस, पन्नाशीचा, अंगानं वाळलेला. चार टक्के व्याजाच्या योजनेत त्याला कातडं घ्यायला काही हजार रुपये हवे होते. त्या योजनेला जामीन लागत नाही, तारणही लागत नाही. लागतो तो फक्त अधिकाऱ्याचा अहवाल. माणूस कसा आहे, गावात त्याची पत काय, कष्टाळू आहे का, व्यसन आहे का, घेतलेलं परत करतो का. आम्ही त्याला ओपिनियन रिपोर्ट म्हणत असू आणि तो घरी जाऊन, माणसाला त्याच्या जागी पाहून लिहायचा, असा नियम होता. तो लिहिणं माझ्याकडे होतं.

तो दोनदा येऊन बोलावून गेला. साहेब, गुरुवारी या, भजन असतं, चहा घ्या, घरही पाहून होईल. तो भजनी मंडळी चालवी आणि प्रभातियां गाई, हे मला नंतर कळलं. मी दोन्ही वेळा काही तरी निमित्त सांगितलं. खरं कारण चहा. तिथे गेलो की चहा घ्यावा लागेल, घेतला की ते शाखेत कळेल, आणि मी ज्यांच्या घरात भाड्यानं राहत होतो त्यांच्या कानावर जाईल. मी बाजारातल्या दोन दुकानदारांना विचारलं. ते म्हणाले, भरवसा नाही. मी तेच लिहिलं. अर्ज परत गेला. घरमालकांकडे रोज संध्याकाळी देवापुढे 'वैष्णव जन' म्हणत आणि मीही ताल धरत असे.

तेव्हापासून ते भजन मला निराळं दिसू लागलं. नीट पाहिलं तर ती प्रार्थना नाहीच. त्यात देवाकडे काही मागितलेलं नाही. देवाचं रूप नाही, मुकुट नाही, बासरी नाही. आहे ते एका माणसाचं वर्णन. हा माणूस दुसऱ्याच्या वेदनेनं कळवळतो आणि केलेल्या मदतीचा अभिमान बाळगत नाही. तो कोणाची निंदा करत नाही, खोटं बोलत नाही, परक्याच्या पैशाला हात लावत नाही, लोभ आणि कपट त्याच्याजवळ नाही. टिळा कोणता लावावा, माळ किती मण्यांची, उपास कुठला, जन्म कुठल्या घरातला, यातलं एक अक्षर नाही. हा ओपिनियन रिपोर्टच आहे. आम्ही छापील फॉर्मवर जे रकाने भरत होतो ते सगळे त्यात आहेत, फक्त आमच्याकडे नाव आणि जात सगळ्यांत वर असे. आणि हे रकाने आखले ते गावानं ज्याची पत काढून घेतली होती अशा माणसानं.

हे भजन घेऊन गांधीजी जगभर गेले ही गोष्ट नवी नाही. पोरबंदर-राजकोटच्या वैष्णव घरातला तो मुलगा, नरसी त्याच्या बाळघुटीतच होता. पण आश्रमाच्या प्रार्थनेत त्याला सूर देणारा हात मराठी होता, हे आपल्याकडे कमी लोकांना ठाऊक आहे. पंडित नारायण मोरेश्वर खरे, मूळचे तासगावचे, विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य. १९१८ साली गुरूंनी त्यांना साबरमती आश्रमात धाडलं आणि ते तिथलेच झाले. 'आश्रम भजनावली' त्यांनी जुळवली. खमाज रागाच्या अंगानं जाणारी जी चाल आज आपण सगळे गुणगुणतो ती आश्रमाच्या त्या प्रार्थनांतून रुळलेली. १२ मार्च १९३० रोजी ७८ सहकाऱ्यांसह गांधीजी दांडीला निघाले, तेव्हा खरे तंबोरा घेऊन त्या रांगेत होते. वाटेवरच्या मुक्कामांवर प्रार्थना झाली की ते गात. १९३८ साली हरिपुरा काँग्रेसच्या वेळी तिथेच ते गेले. त्यांचं नाव आपल्या संगीताच्या पुस्तकांतही एखाद्या ओळीतच उरकलेलं दिसतं, याचं मला वाईट वाटतं.

पडद्यावरही नरसीला मराठी चेहरा मिळाला. गुजराथी भाषेतला पहिला बोलपट, १९३२ चा, नरसी मेहत्यावरचा. पण लोकांच्या लक्षात राहिला तो १९४० चा विजय भट्टांचा 'नरसी भगत', आणि त्यात नरसी झाले होते विष्णुपंत पागनीस. प्रभातचे तुकाराम. ज्यानं कर्जखतं इंद्रायणीत बुडवली तो आणि ज्यानं न भरलेल्या पैशाची हुंडी लिहिली तो, दोघंही एकाच माणसाच्या अंगात शिरले होते. माझ्या वडिलांनी दोन्ही चित्रपट पाहिले होते आणि म्हातारपणी त्यांची सरमिसळ होई. आम्ही दुरुस्त करत नसू.

एक शब्दही नरसीकडून आला, हरिजन. त्या रात्रीच्या पदात तो आहे आणि तिथे त्याचा अर्थ हरीचे लोक, भजनाला बसलेले सगळे, एवढाच आहे. कोणीतरी गांधीजींना तो सुचवला आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये पुण्याहून त्यांनी त्या नावाचं साप्ताहिक सुरू केलं. डॉ. आंबेडकरांना आणि त्यांच्या अनुयायांना तो शब्द मान्य नव्हता. दुसऱ्यांनी कौतुकानं ठेवलेलं नाव आम्ही का घ्यावं, हा त्यांचा प्रश्न रास्त होता आणि आता सरकारी कागदांतूनही तो शब्द गेला आहे. नरसी त्या वस्तीत नाव ठेवायला गेला नव्हता, गायला गेला होता, एवढा फरक मला दिसतो.

जातीबाहेर टाकल्यावरही त्याला सोडलं नाही. तक्रार जुनागढच्या राजापर्यंत, रा मांडलिकापर्यंत गेली. भजनाच्या नावाखाली अनाचार चालतो म्हणून. राजानं अट घातली. दामोदराच्या गळ्यातला हार पहाट होण्याआधी आपोआप तुझ्या गळ्यात पडला तर तू खरा, नाही तर प्राणदंड. रात्रभर तो देवापुढे गात राहिला. विनवलं, चिडला, भांडलाही. देवाला इतकं फाडून बोलणारी पदं आपल्या तुकोबा-जनाबाईंखेरीज मी फारशी वाचली नाहीत. पण देवाला आवडे तो केदार त्याला गाता येईना, तो सावकाराकडे गहाण. तेव्हा म्हणे देवच नरसीचं रूप घेऊन रात्री सावकाराच्या दारी गेला, कर्ज फेडलं, आणि फाडलेलं गहाणखत आणून याच्या मांडीवर टाकलं. मग केदार उठला, आणि हार गळ्यात आला.

मांडलिकाचं राज्य पुढे फार टिकलं नाही. १४७२ मध्ये महमूद बेगड्यानं जुनागढ घेतलं. नरसीच्या घरातही त्याच्याआधी पडझड झाली होती. शामळदास ऐन उमेदीत गेला, माणेकबाई गेली. त्या वेळी त्यानं संसाराचा गुंता सुटला म्हणून समाधान मानलं असं एक पद त्याच्या नावावर सांगतात. हे पद मला कधी पटलं नाही. तेल-मिठाशिवाय त्याच्या साधूंना वर्षानुवर्षं जेवू घालणारी बाई गेली आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं? संतांना वाटत असेलही. किंवा गाणं म्हणून तो ते स्वतःलाच समजावत असेल. शेवटी तो मांगरोळला काकांकडे जाऊन राहिला आणि तिथेच देह ठेवला, असं परंपरा सांगते. समुद्राकाठी निघालेला माणूस समुद्राकाठीच पोचला. गांधीजींच्या जन्माचं दीडशेवं वर्ष २०१८ मध्ये सुरू झालं, तेव्हा शंभरांहून अधिक देशांतल्या गायकांनी त्याचं भजन गायलं. दूरदर्शनवर ते लागलं तेव्हा मी स्वैपाकघरातून धावत बाहेर आलो. उच्चार वेगवेगळे, रंग वेगवेगळे. मला मात्र सारखा तो गावाच्या टोकावरचा माणूस दिसत होता.

अर्ज परत गेल्यावर तो शाखेत येणं बंद करील असं मला वाटलं होतं. पंधरा दिवसांनी आला आणि रिकरिंगचं खातं उघडलं. महिना दहा रुपये. दर महिन्याच्या दहा तारखेला, दुष्काळ असो की आजारपण, तो दहाची नोट किंवा चिल्लर रुमालात बांधून आणी. दोन वर्षं आठ महिने मी त्या पासबुकात नोंद केली. एकही हप्ता चुकला नाही. कर्जाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. भजनाचं आमंत्रण मात्र तीनचारदा दिलं.

माझी बदली झाल्याचं त्याला कुठून तरी कळलं. तारीख तीन होती, हप्त्याला अजून आठवडा होता. तो काउंटरपाशी उभा राहिला, रुमाल सोडला आणि पासबुक पुढे केलं. म्हणाला, या महिन्याची नोंद तुमच्या हातची असू द्या. मी पैसे मोजले, रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहिली, शिक्का मारला आणि सही केली.